अहवालातले नाव आणि मातीतला जिवाणू

सूक्ष्मदर्शकातून पाहिले की जिवाणू ओळखू येतो, हा समज शाळेपासूनचा. प्रत्यक्षात दिसतात काड्या, गोळे, मळसूत्रे. नात्याने फार दूरचे जिवाणूही दिसायला सारखेच. पेट्री डिशमध्ये वाढवून ओळखावे, तर माती-पाण्यातले बहुतेक जिवाणू तिथे वाढतच नाहीत. सारगॅसो समुद्रातला सार-११ हा जिवाणूंचा गट १९९० साली केवळ जनुकीय क्रमावरून उघड झाला. समुद्रात तो विपुल आहे, तरी प्रयोगशाळेत वाढवायला २००२ उजाडले.

अशा ओळखीसाठी सहसा १६एस आरआरएनए हे सुमारे दीड हजार अक्षरांचे जनुक वाचतात. रायबोसोमचा एक भाग त्यावरून घडतो, म्हणून ते प्रत्येक जिवाणूत असते. त्याचे काही भाग सगळ्यांत जवळपास सारखे असल्याने प्रायमरच्या (डीएनएच्या छोट्या तुकड्यांच्या) एकाच जोडीने असंख्य जातींच्या या जनुकाच्या प्रती पीसीआर या तंत्राने काढता येतात. मधले नऊ भाग बदलते; ओळख त्यांवरून पटते.

पण क्रम जुळला म्हणजे जात पक्की झाली, हा सर्वांत घातक गैरसमज. बॅसिलस थुरिंजिएन्सिस आपले शेतकरी अळीवर फवारतात. बीटी कापसातले ‘बीटी’ तेच. बॅसिलस अँथ्रॅसिसमुळे जनावरांना काळपुळी होते. या दोघांचे १६एस जवळजवळ एकसारखे! फरक मुख्यतः प्लास्मिडवरच्या, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यांवरच्या, विषजनुकांत असतो, आणि ती वेगळी तपासावी लागतात. ई. कोलाय आणि शिगेला यांचीही तीच गत. म्हणून मातीच्या १६एस तपासणीच्या अहवालात ‘बॅसिलस’ वाचून कुणी घाबरू नये, आणि निर्धास्तही होऊ नये.

अशा अहवालात प्रत्येक जिवाणूपुढे दिलेली टक्केवारी म्हणजे जिवाणूंची शिरगणती नव्हे. ई. कोलायमध्ये या जनुकाच्या सात प्रती असतात, काहींत एकच. ज्याच्या प्रती जास्त, त्याचा आकडा फुगतो.

शिवाय डीएनए सापडला म्हणजे जिवाणू जिवंत आहे, असेही नाही. मेलेल्या पेशींचा डीएनए मातीच्या कणांना चिकटून दीर्घकाळ टिकतो. क्लोरीन टाकलेल्या विहिरीतही मेलेल्या जिवाणूंचे क्रम सापडू शकतात. त्यामुळे पाणी पिण्याजोगे आहे का, हे ठरवताना जिवाणू वाढवून पाहण्याची जुनी चाचणी आजही सोडता येत नाही. भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय आढळता कामा नये.