जुनी जिप्सी किंवा जीप ६० च्या स्पीडला थरथरते? पार्ट बदलण्याआधी हे तपासा

रस्ता मोकळा आहे. गाडी ६० च्या स्पीडला आहे. पुढचं डावं चाक एका लहानशा खड्ड्यातून जातं आणि पुढच्याच क्षणी स्टेअरिंग दोन्ही बाजूंना जोरजोरात हिसके द्यायला लागतं. बॉनेट, आरसे, डॅशबोर्ड, सगळं थडथडतं. गाडी कुठल्याही क्षणी हातातून जाईल असं वाटतं. तुम्ही वेग कमी करता, काटा २०-२५ वर येतो आणि सगळं शांत. जणू काही झालंच नव्हतं.

जुन्या फोर-बाय-फोर गाड्या चालवणाऱ्या अनेकांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. परदेशातल्या जीपवाल्यांनी त्याला 'डेथ वॉबल' असं नाव दिलंय. आपल्याकडे गॅरेजमध्ये 'गाडी वॉबल मारते' एवढंच म्हणतात.

यानंतर बहुतेकदा काय होतं? आधी अलाइनमेंट. मग बॅलन्सिंग. मग नवा स्टेअरिंग डॅम्पर. चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा एक खड्डा येतो. खिसा रिकामा झालेला असतो आणि दोष जिथल्या तिथे असतो.

मग हा दोष नेमका शोधायचा कसा? यातला बराचसा तपास तुम्ही घरच्या अंगणात, एका मित्राच्या मदतीने करू शकता. कसा, ते समजून घेऊ.

याच गाड्यांमध्ये असं का होतं?

मुंबईत १९४७ साली महिंद्राने विलीज जीपची जुळणी सुरू केली. १९८५ साली मारुतीची जिप्सी आली. विलीजच्या वळणाच्या जुन्या जीप आणि जिप्सी यांच्यात एक गोष्ट सारखी आहे. पुढची दोन्ही चाकं एकाच सलग, जाड एक्सलवर बसवलेली असतात आणि तो एक्सल कमान पाट्यांवर टेकलेला असतो. ताडोबा किंवा पेंचला सफारीच्या जिप्सीत बसला असाल, तर या पाट्यांनी तुमची कंबर चांगलीच हलवली असेल.

ही रचना दणकट आहे. दगडधोंड्यांत, नाल्यांत ती वर्षानुवर्षं टिकते. पण एक्सल सलग असल्यामुळे एका चाकाला बसलेला धक्का सरळ दुसऱ्या चाकापर्यंत पोहोचतो. त्यात दोन्ही चाकं टायरॉड नावाच्या दांड्याने एकमेकांना जोडलेली असतात. सांधे घट्ट असतील तर धक्का तिथेच विरतो. सांधे ढिले असतील तर चाकांना डावी-उजवीकडे डुलायला जागा मिळते.

झोका आठवा. नेमक्या वेळी हलकासा धक्का देत राहिलं तरी झोका उंच जातो. इथेही तेच होतं. एका ठरावीक वेगाला चाकांच्या डुलण्याला रस्त्याकडून बरोबर वेळेवर धक्के मिळत राहतात आणि थरथर वाढत जाते. वेग बदलला की ताल तुटतो आणि गाडी शांत होते.

या मोकळ्या जागेला गॅरेजच्या भाषेत 'प्ले' म्हणतात. आपलं काम एवढंच, की हा प्ले कुठे आहे ते शोधायचं.

आधी गाडी काय सांगतेय ते ऐका

सगळी थरथर सारखी नसते.

- गुळगुळीत रस्त्यावर एका वेगाला हलकी थरथर येते, वेग वाढवला की जाते: संशय टायर, रिम आणि बॅलन्सिंगवर.
- खड्डा लागल्यावर अचानक जोराचे हिसके: सांध्यांमधला प्ले, किंगपिन किंवा कॅस्टर.
- सरळ रस्त्यावरही गाडी भरकटते, सतत स्टेअरिंग सावरावं लागतं: प्ले, टो किंवा कॅस्टर.
- गाडी एकाच बाजूला ओढते: हवेचा दाब, अडकलेला ब्रेक किंवा जागेवरून सरकलेला एक्सल.
- वळण संपलं तरी स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही: सुकलेले किंवा जास्त आवळलेले किंगपिन, आवळलेला स्टेअरिंग बॉक्स, कमी कॅस्टर.
- ब्रेक दाबल्यावर समोरून 'ठक्' आवाज: पाट्यांचे बुश, शॅकल किंवा ढिले यू-बोल्ट.

पायरी १: टायर

सुरुवात फुकटच्या तपासणीने करा. दोन्ही पुढच्या टायरांत हवा सारखी आहे का? टायरला कुठे फुगवटा आहे का? रिमच्या आत वाळलेला चिखल चिकटलाय का? ऑफ-रोडिंग करून आल्यावर एवढ्या चिखलानेही चाकाचा तोल बिघडतो. व्हील नट घट्ट आहेत का, तेही पाहा. मग पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावून बघा. थरथर बदलली, तर दोष टायर किंवा रिमकडे आहे.

पायरी २: मित्राला स्टेअरिंगवर बसवा

ही सगळ्यात महत्त्वाची चाचणी. गाडी सपाट जागेवर, चारही चाकं जमिनीवर. हँडब्रेक ओढा, गिअर टाका, मागच्या चाकांना दगड लावा. इंजिन बंद, पण स्टेअरिंग लॉक सुटेल इतकी चावी फिरवलेली. पॉवर स्टेअरिंग बसवलं असेल, तर इंजिन सुरू ठेवून गिअर न्यूट्रलला ठेवा.

आता मित्राला स्टेअरिंग थोडंसं डावी-उजवीकडे हलवत राहायला सांगा. पूर्ण वळवायचं नाही, चाकं हलायला लागतील इतकंच. तुम्ही समोरून वाकून खाली बघा.

स्टेअरिंगची हालचाल एका साखळीतून जाते: स्टेअरिंग कॉलम, स्टेअरिंग बॉक्स, त्यातून बाहेर आलेला पिटमन आर्म, मग ड्रॅग लिंक आणि चाकांना जोडणारा टायरॉड. काही जुन्या जीपमध्ये मधे बेल क्रँकही असतो. प्रत्येक सांध्यावर बोटं ठेवा. सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते असं जाणवलं, तर प्ले तिथेच आहे.

बॉक्समध्ये शिरणारा दांडा फिरतोय, पण पिटमन आर्म जागचा हलत नाही? मग बॉक्स झिजलाय. अख्खा बॉक्सच चेसिसवर हलतोय? मग बोल्ट ढिले आहेत किंवा तिथे चेसिसला तडा गेलाय. कोकणच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीत ही जागा ब्रशने घासून नीट बघा. गंजाखाली तडा सहज लपतो.

एक मोह टाळा. बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळला की प्ले लगेच कमी झाल्यासारखा वाटतो. पण दोष टायरॉड एंडमध्ये असेल, तर तो तसाच राहतो. वर बॉक्स जड होतो, स्टेअरिंग सरळ व्हायला कुरकुर करतं आणि आतले दाते लवकर झिजतात.

पायरी ३: चाक उचला

आता एका बाजूचं चाक जॅकने उचला आणि एक्सलखाली स्टँड लावा. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका.

चाक घड्याळाच्या १२ आणि ६ च्या जागी धरून आत-बाहेर हलवा. चाक खडखडलं तर दोन शक्यता असतात: हबचं बेअरिंग किंवा किंगपिन. कोणतं ते ओळखायला मित्राला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले गेला, तर बेअरिंग. राहिला, तर किंगपिन. ब्रेक दाबल्यावर हब आणि नकल एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे बेअरिंगचा प्ले जाणवत नाही.

मग चाक ३ आणि ९ च्या जागी धरून हलवा. इथला प्ले बहुतेकदा टायरॉड एंडचा असतो.

किंगपिनकडे सहसा दुर्लक्ष होतं. चाक ज्या खुंटीभोवती वळतं ती खुंटी म्हणजे किंगपिन. त्याची बेअरिंगं थोडी दाबून बसवलेली असतात. त्या दाबामुळे चाक वळताना हलका विरोध होतो आणि तोच विरोध थरथर रोखतो. बेअरिंग झिजलं की हा विरोध जातो. चांगला मेकॅनिक टायरॉड सोडवून, ताणकाट्याने नकल ओढून हा जोर मोजतो, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघतो आणि त्याप्रमाणे शिम बदलतो.

पायरी ४: पाटे

मेन पाट्याला तडा आहे का? शॅकलचे बुश फाटलेत का? यू-बोल्ट ढिले आहेत का? पाट्यांमधला सेंटर बोल्ट तुटला तर एक्सल पुढे-मागे सरकू शकतो. ते तपासायला टेप पुरते. चाकं सरळ ठेवा आणि पुढच्या एक्सलपासून मागच्या एक्सलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी, सारख्याच जागांवरून मोजा. फरक दिसला तर गाडी एका बाजूला का ओढते ते कळलंच.

गाडी उंच केली असेल, तर आणखी एक गोष्ट. सायकलचा पुढचा फोर्क थोडा तिरका असतो, म्हणून हात सोडले तरी चाक सरळ राहायला बघतं. गाडीतल्या अशाच तिरकेपणाला कॅस्टर म्हणतात. उंचीसाठी पुढे लांब शॅकल टाकले की एक्सल फिरतो आणि कॅस्टर कमी होऊ शकतो. मग पुढची चाकं मॉलमधल्या ट्रॉलीच्या चाकासारखी फडफडतात. पाटा आणि एक्सलच्या मधे योग्य कोनाची पाचर बसवून हे दुरुस्त करता येतं.

मग अलाइनमेंटने का भागत नाही?

या सलग एक्सलच्या गाड्यांमध्ये अलाइनमेंटवाल्याला फक्त टो, म्हणजे दोन्ही चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत, तेवढंच टायरॉड फिरवून बदलता येतं. कॅम्बर आणि कॅस्टरला तिथे स्क्रूच नसतो. शिवाय सांधे ढिले असतील, तर मशीनवर बरोबर आलेलं माप गेटबाहेरच्या पहिल्या स्पीडब्रेकरवर बदलतं. म्हणून आधी प्ले काढायचा, मग अलाइनमेंट.

डॅम्परचंही तसंच. त्याचं काम धक्के शोषायचं आहे. नवा डॅम्पर ढिल्या सांध्याची थरथर काही दिवस दाबून ठेवतो आणि तेवढ्या दिवसांत तो सांधा आणखी झिजतो. टायरॉडचा सांधा पूर्ण निखळला, तर पुढची दोन्ही चाकं एकमेकांच्या ताब्यात राहत नाहीत. घाटात हे झालं तर सावरायला वेळ मिळत नाही.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९८ नुसार स्टेअरिंगचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. लिंकेजच्या बॉल जॉइंटवर रबरी टोप्या हव्यात आणि तिथले बोल्ट, पिना नीट लॉक केलेल्या हव्यात. ३८ सेंटिमीटर व्यासाच्या स्टेअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेला साधारण १० सेंटिमीटर. स्टेअरिंगवर चिकटपट्टी लावा आणि चाकं हलायला लागेपर्यंत ती किती सरकते ते मोजा. १० सेंटिमीटर ही शेवटची मर्यादा आहे. तिथपर्यंत वाट बघायची गरज नाही.

रस्त्यात वॉबल सुरू झालं तर?

स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, पण अंगठे आरीत अडकवू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. गाडी सरळ ठेवून हळूहळू वेग कमी करा. करकचून ब्रेक दाबू नका आणि थरथरीशी झुंजत स्टेअरिंग उलटसुलट फिरवू नका. बाजूला थांबा, खाली वाकून नट-बोल्ट आणि टायरॉड बघा. काही निखळलेलं दिसलं तर गाडी टो करूनच न्या.

आणि गॅरेजमध्ये गेल्यावर 'काय बदलायचं?' असं विचारू नका. 'प्ले कुठे आहे ते मला दाखवा' असं म्हणा. चांगला मेकॅनिक तुम्हाला गाडीखाली वाकायला लावेल आणि त्या सांध्यावर तुमचं बोट ठेवेल. दाखवता आलं नाही, तर पार्ट बदलायची घाई करू नका.