मोरपंखीच्या पोटातला नत्र

भिवंडीच्या पद्मानगरात, यंत्रमागांचा खडखडाट अंगवळणी पडलेल्या एका घराच्या दारात, तेलाच्या डब्यात लावलेली मोरपंखी आहे. लहानपणी विद्या यावी म्हणून वहीत तिचं पान ठेवायचो, तीच ही. पानं सुईसारखी नाहीत, खवल्यांसारखी. पण जात सूचिपर्णीच, पाइन-देवदाराच्या गोतातली. गंमत म्हणजे सुईसारखा दिसणारा सुरू या गोतात नाही. त्याच्या ‘सुया’ म्हणजे बारीक फांद्या!

डिसेंबरात मी त्या मोरपंखीची डहाळी ओल्या रुमालानं पुसली. रुमाल काळा झाला. सुताला खळ देणाऱ्या साइझिंगचे बॉयलर, मुंबई-नाशिक महामार्गावरचे ट्रक, गोदामांकडे वळणारे टेम्पो, सगळ्यांची काजळी त्यात असणार. पण झाड जे खातं ते त्या काळ्यात नसतं.

हवेत ७८ टक्के नत्र, तरी झाडाला तो वापरता येत नाही. त्याच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध फार घट्ट असतो. इंजिनाच्या आणि भट्टीच्या आचेत तो तुटतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं बनतात. त्यातला नायट्रोजन डायऑक्साइड पर्णरंध्रांतून आत शिरतो, पेशींवरच्या ओलाव्यात विरघळतो आणि त्याचे नायट्रेट-नायट्राइट होतात. पुढे एन्झाइमं त्यांचं अमोनियम करतात, त्यातून अमिनो आम्लं, मग प्रथिनं. म्हणजे ट्रकच्या धुराचा एक अंश अक्षरशः पानाचं अंग होतो. सदाहरित सूचिपर्णीचं हे काम बारा महिने चालतं, तर आपल्याकडचा साग उन्हाळ्यात बोडका उभा असतो. रंध्रं मिटली की मात्र हा घास थांबतो.

मुळांकडची कथा वेगळी. बहुतेक सूचिपर्णींना नायट्रेटपेक्षा अमोनियम मानवतं. पाइनच्या मुळांना तर बुरशीचं अस्तर असतं. ती दूरवरचा नत्र आणून देते आणि बदल्यात साखर घेते. नत्र फुकट मिळू लागला की हा व्यवहारच मंदावतो.

नत्र जास्त झाला तर काय होतं, हे भिवंडी तालुक्यातल्या भातशेतकऱ्याला सांगावं लागत नाही. युरिया जास्त पडला की भात काळपट हिरवा होऊन माजतो, कीड लागते आणि लोंबीचा भार न पेलून लोळतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९८८ पासून लाल पाइनच्या एका तुकड्याला वर्षाला हेक्टरी १५० किलो नत्र देऊन पाहिला. झाडं वाढली नाहीत, उलट मोठ्या संख्येनं मेली. जर्मनीत १९८०च्या दशकात स्प्रूसच्या सुया पिवळ्या पडल्या, त्यामागे आम्लपावसानं मातीतून धुऊन गेलेलं मॅग्नेशियम होतं. हवेतून पडणाऱ्या नत्रानं त्यात भर घातली. झाडाचं पोट भरलं की उरलेला नायट्रेट पाण्याबरोबर खाली झिरपतो, विहिरीकडे आणि नदीकडे.

म्हणून गृहसंकुलाच्या फाटकाशी दोन शोभेची ‘ख्रिसमस ट्री’ लावून हवा सुधारल्याचं समाधान मला पटत नाही. बॉयलरपुढे झाडाचा घास फारच लहान.

नत्राचा खरा निचरा दुसरीकडे होतो. कामवारी नदी शहराचं सांडपाणी घेऊन खाडीला मिळते. तिथे खारफुटीखालच्या चिखलात प्राणवायू नसतो, आणि तिथले जिवाणू नायट्रेटवरच श्वास भागवून त्याचा पुन्हा साधा नत्रवायू करतात. ओहोटीला त्या काळ्या चिखलातून बुडबुडे वर येत असतात. वास येतो म्हणून लोक नाक दाबून पुढे जातात.