पाणलवंग व तिचे कुल

फुशिया आणि इव्हिनिंग प्रिमरोज ज्या ओनाग्रेसी कुलातील, त्याच कुलातील पाणलवंग, अर्थात लुडविजिया ऑक्टोव्हाल्व्हिस, नागपूर परिसरात पाणथळ जागी व धानाच्या बांध्यांत आढळते. शिंगाडाही पूर्वी याच कुलात गणला जाई. आज तो मेंदीच्या कुलात मोडतो.

पाणलवंगेच्या फळावर चार निदले टिकून राहतात, म्हणून ते लवंगेसारखे भासते. लवंग मात्र जांभळाच्या कुलातील वृक्षाची वाळलेली कळी होय. फळ फोडल्यास असंख्य सूक्ष्म बिया दिसतात. लवंगेचा गंध येत नाही.

प्रिमरोजच्या बीजतेलात गॅमा-लिनोलेनिक आम्ल असते. तथापि पुरेशा पुराव्याअभावी ब्रिटनने २००२ मध्ये इसब व स्तनशूल यांसाठीचे त्याचे परवाने रद्द केले. हे तेल संहितोक्त नव्हे. आयुर्वेदीय द्रव्य म्हणून ते रुग्णास देऊ नये, असे आम्ही व्यवसायबंधूंना आग्रहाने सुचवितो.