मृगाच्या आधीचे तीन आठवडे

संपादकांना लाळ्या-खुरकुताच्या सरकारी मोहिमेवर लेख हवा होता. त्यासाठी मुरुड तालुक्यात गेलो आणि एका वहीतच अडकलो.

वही पशुधन पर्यवेक्षकांची. गाव त्यांना ‘डॉक्टर’ म्हणतं, ते दर वेळी ‘डॉक्टर नाही हो’ म्हणतात आणि हाक ऐकतात. पानावर रकाने आखलेले: बिल्ल्याचा नंबर, जंताचं औषध, घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत, लम्पी. शेवटचा रकाना ‘गाभण, कितवा महिना’.

इतिहास थोडक्यात. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी देशातली पहिली प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यात निघाली आणि पुढे मुक्तेश्वरला गेली. गोठेच्या गोठे रिकामे करणारी बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. २०१९ पासून राष्ट्रीय मोहिमेत दर सहा महिन्यांनी लाळ्या-खुरकुताची लस असते. ब्रुसेलाची लस ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींनाच, तीही एकदाच. कानात बारा आकडी पिवळा बिल्ला.

पण वही चालते ती पावसावर. ‘७ जूनपासून, म्हणजे मृगापासून मागं मोजायचं,’ पर्यवेक्षक म्हणाले. घटसर्प पावसाच्या तोंडाशी येतो. ताप चढतो, गळा सुजतो, घरघर लागते आणि जनावर एक-दोन दिवसांत जातं. लस अंगी लागायला दोन-तीन आठवडे हवेत, म्हणजे ती मेच्या मध्यापर्यंत टोचलेली बरी. जंतांनी पोखरलेल्या जनावराला लस नीट लागत नाही, म्हणून जंताचं औषध त्याच्याही पंधरा दिवस आधी. भातखाचरातल्या गोगलगायींमुळे होणाऱ्या यकृतकृमीची काळजी पावसानंतर पुन्हा. गाय व्यायला महिनाभरावर आली असेल, तर धरपकड टाळायची. गोऱ्हा खच्ची करायचा तर त्याच दिवशी सुई नको. लम्पीची लस जिवंत विषाणूची, तिच्यात आणि दुसऱ्या लसीत तीन आठवडे सोडायचे. शिवाय नांगराच्या बैलाला टोचल्यावर चार दिवस विश्रांती हवी, आणि पेरणी तर कुणासाठी थांबत नाही.

हे सगळं एप्रिलअखेर ते मृग एवढ्यातच बसवायचं. कागदावर बसतंही.

पण भात कापलं की इथली गुरं मोकाट सुटतात. मेच्या दुपारी मला ती किनाऱ्यावर वाऱ्याला बसलेली दिसली, पाच-सहा गायी आणि एक खोंड, कानात बिल्ले. त्यांना पकडायला माणसं लागतात, आणि मेमध्ये माणसं लग्नांत असतात. एका काकांनी मोठ्या खटपटीनं गाय आणून नारळाला बांधली आणि म्हणाले, ‘आता सगळं एकदम करून टाका. पंधरा दिवसांनी पुन्हा कोण धरणार?’

पर्यवेक्षकांनी थर्मासातली बाटली काढली. तेलातली लस, दुधासारखी पांढरी. हलक्या हातानं हलवली. गायीच्या मानेवर हात फिरवून एक क्षण थांबले, मग जंताची गोळी काकांच्या हातावर ठेवली आणि सुई टोचली. नियमाप्रमाणे हे चूक. मला मात्र त्यांचं पटलं: हातातून सुटलेल्या गायीला शास्त्र लागू करता येत नाही.

वहीत दोन्ही रकान्यांत एकच तारीख पडली. त्या पानावरचे अकरा बिल्ले त्या दिवशी सापडलेच नाहीत. रायगडच्या किनाऱ्यावर तुमची गुरं असतील, तर मेच्या पहिल्या आठवड्यात ती एकदा गोठ्यात आणा.