टेप १२चा, ट्रक २४चा

रावेर-यावलची केळी घेऊन उत्तरेकडे निघालेल्या ट्रकच्या केबिनमध्ये अहिराणी गाणी वाजतात, ती बऱ्याचदा कारसाठी बनलेल्या टेपवर. (कॅसेट कधीच गेली, पण ड्रायव्हर त्याला अजून टेपच म्हणतात.) गोम इथेच आहे. कारची वायरिंग १२ व्होल्टची, मोठ्या ट्रकची २४ची. १२-१२च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या.

मग त्यातल्या एकाच बॅटरीवरून वायर ओढण्याचा जुगाड होतो. टेप वाजतो खरा, पण ती बॅटरी अर्धवट भरते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते आणि जोडी वेळेआधीच बाद होते. त्यापेक्षा २४चे १२ करणारा कन्व्हर्टर स्वस्त. टेपला १० अँपिअरचा फ्यूज असेल, तर कन्व्हर्टर त्याहून थोडा मोठा घ्यावा.

ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून ‘कूंऽऽ’ आवाज चढतो? मग आधी अर्थिंग तपासावं. महामार्ग ५३वरच्या धक्क्यांनी नट सैल होतो, गंज चढतो. रंग खरवडून, चकचकीत पत्र्यावर तार पक्की आवळायची. हे काम फुकटचं, आणि अनेकदा तेवढंच पुरतं.

पैसे उरलेच तर ॲम्प्लिफायरआधी स्पीकर बदलावेत. जळगावचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो. बंद केबिनमध्ये जुना कागदी कोन कडक होऊन फाटतो. खोक्यावरचे ‘पीक’ वॅट सोडून ‘आरएमएस’ वॅट वाचा. आणि फ्यूज टेपमागे असला, तरी दुसरा बॅटरीजवळ हवाच.