रक्ताची साक्ष : परभणीतल्या ३९६ माणसांनी काय सांगितले?

झरी हे परभणी तालुक्यातले गाव. अशा गावांतून पुण्या-मुंबईला पोट भरायला गेलेली माणसे प्रत्येक वस्तीत आहेत. कुणी बांधकामावर, कुणी कंपनीत, कुणी धुणीभांडी करायला. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली, हातचे काम गेले आणि ही माणसे मिळेल त्या वाहनाने, नाहीतर पायी, गावाकडे निघाली. गावोगावी वेशीवर काट्या आडव्या पडल्या. 'मुंबईवाले रोग घेऊन आले' हे बोल कष्टकऱ्यांच्या वाट्याला आले.

पण रोग खरोखर कुठून आला? किती घरांत शिरला? विषाणू डोळ्याला दिसत नाही आणि अफवेला पुरावा लागत नाही. अशा वेळी खरे सांगणारे कुणीतरी हवे असते. कोरोनाच्या साथीत हे काम दोन तपासण्यांनी केले. एक तपासणी माणसाच्या रक्ताची, दुसरी खुद्द विषाणूची. पहिली सांगते, रोग किती जणांना होऊन गेला. दुसरी सांगते, तो कोणत्या वाटेने आला. या दोन्ही गोष्टी आपल्या घरातल्या लहानथोरांनी समजून घेतल्या पाहिजेत. कारण मोजणीत जो येत नाही, तो पुढे मदतीतही येत नाही.

३९६ पैकी सहा

नाकातोंडातला स्राव घेऊन जी तपासणी होत असे, ती फक्त 'आज या माणसाच्या अंगात विषाणू आहे का' एवढेच सांगते. माणूस बरा झाला की ही खूण पुसली जाते. रक्तातली खूण मात्र मागे राहते. रोगाशी लढताना शरीर प्रतिपिंडे तयार करते. डॉक्टर त्यांना अँटीबॉडी म्हणतात. लागण झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत ती रक्तात दिसू लागतात आणि पुढे कित्येक महिने सापडतात. ज्याला ताप आला नाही, खोकला आला नाही, जो दवाखान्याची पायरी चढला नाही, त्याचे रक्तसुद्धा 'रोग येऊन गेला' अशी साक्ष देते.

ही साक्ष गोळा करण्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातल्या २१ राज्यांतले ७० जिल्हे निवडले. महाराष्ट्रातले सहा जिल्हे त्यात होते : परभणी, नांदेड, बीड, जळगाव, अहमदनगर आणि सांगली. पहिली फेरी ११ मे ते ४ जून २०२० या काळात झाली. रीत साधी होती. एका जिल्ह्यात दहा गावे किंवा वॉर्ड निवडायचे, प्रत्येक ठिकाणी ४० घरे घ्यायची आणि एका घरातून एकाच प्रौढ माणसाचे, त्याची संमती घेऊन, शिरेतले थोडे रक्त घ्यायचे. म्हणजे जिल्ह्यामागे सुमारे ४०० माणसे. नमुने चेन्नईच्या प्रयोगशाळेत तपासले गेले. त्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने 'कोविड कवच' नावाची तपासणी तयार केली होती.

परभणी जिल्ह्यातून ३९६ जणांचे रक्त तपासले. त्यातल्या सहा जणांमध्ये प्रतिपिंडे सापडली. शेकड्याला दीड. नांदेडला ३९३ पैकी पाच, बीडला ३९६ पैकी चार, अहमदनगरला ४०४ पैकी पाच, सांगलीला ४०० पैकी पाच, जळगावला ३९६ पैकी दोन. सहा जिल्हे मिळून २३८५ माणसांत २७.

हे आकडे वाचून कुणी म्हणेल, 'परभणी सगळ्यात पुढे!' तसे म्हणता येत नाही. परभणी आणि जळगाव यांच्यात फरक अवघ्या चार माणसांचा आहे. एवढ्या लहान मोजणीत दोन-चार माणसे इकडेतिकडे होणारच. सहाही जिल्ह्यांची गोष्ट एकच होती. रोग पोहोचला होता, पण शंभरातली जवळजवळ नव्व्याण्णव माणसे अजून त्याच्या वाटेत आली नव्हती. पुढचे संकट मोठे होते, हे त्या मे महिन्यातच रक्ताने सांगून ठेवले होते.

आणखी एक गोष्ट. प्रतिपिंडे तयार व्हायला दोन आठवडे लागतात. म्हणजे मे महिन्यात ज्यांच्या रक्तात ती सापडली, त्यांना लागण त्याआधीच झालेली होती. काल-परवा बिऱ्हाड घेऊन गावात उतरलेल्या मजुराकडे बोट दाखवून हा हिशेब लागत नाही.

देशभराचा हिशेब काढला तेव्हा प्रौढांमध्ये लागण झालेल्यांचे प्रमाण शेकडा ०.७३ भरले, म्हणजे सुमारे ६४ लाख माणसे. सरकारदरबारी नोंदलेल्या एका रुग्णामागे ८२ ते १३० जणांना प्रत्यक्षात लागण झाली असावी, असा अंदाज निघाला. नोंदवहीत एक आणि वस्तीत शंभर!

रोगाने घर पाहिले

विषाणूला जातपात कळत नाही, हे खरे. पण खोलीत माणसे किती, संडास कितीजणांत एक, हे त्याला बरोबर कळते. जुलै २०२० मध्ये मुंबईत दहिसर, चेंबूर आणि माटुंगा भागातल्या तीन वॉर्डांत ६९३६ लोकांचे रक्त तपासले. झोपडपट्टीत शेकडा ५७ जणांत प्रतिपिंडे सापडली. त्याच वॉर्डांतल्या इमारतींत शेकडा १६. रस्ता एक, वॉर्ड एक आणि फरक साडेतीन पटीचा.

पुण्यात २० जुलै ते ५ ऑगस्ट २०२० या काळात पाच प्रभागांतल्या १६६४ जणांची तपासणी झाली. एकूण प्रमाण शेकडा ५१.५ निघाले. सामाईक संडास वापरणाऱ्यांत ते ६२.३ होते, घरात स्वतंत्र संडास असणाऱ्यांत ४५.३. सोसायटीच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांत ३३.२.

'अंतर ठेवा', 'हात धुवा' असे रेडिओ-टीव्ही सांगत होते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, तिथे अंतर कुठून आणायचे? नळाला तासभर पाणी येते, तिथे हात किती वेळा धुवायचे? ही आपली तक्रार जुनीच आहे. या सर्वेक्षणांनी तिला आकड्याचा आधार दिला. पालिकेकडे संडास मागताना, पाण्याची वेळ वाढवून मागताना आता हा कागद पुढे ठेवता येतो.

विषाणूची वंशावळ

आता दुसरी तपासणी. शाळेत एका मुलाची वही दुसरा उतरवतो, दुसऱ्याची तिसरा. पहिल्याने एक शब्द चुकवला की ती चूक पुढच्या सगळ्या वह्यांत जाते. शिवाय प्रत्येकजण आपली एखादी नवी चूक घालतो. मास्तरांनी सगळ्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या की कुणी कुणाची उतरवली हे लगेच कळते. विषाणूचेही असेच. कोरोना विषाणूच्या अंगात सुमारे ३० हजार अक्षरांचा मजकूर असतो. त्याला जीनोम म्हणतात. तो स्वतःच्या नकला काढत पसरतो आणि नकला काढताना महिन्याला साधारण दोन अक्षरे बदलतात. रुग्णाच्या नमुन्यातला हा मजकूर यंत्रावर वाचून इतरांशी ताडून पाहणे म्हणजे जीनोम सिक्वेन्सिंग. त्यातून विषाणूची वंशावळ मांडता येते.

भारतात हे काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत २०२० च्या सुरुवातीलाच झाले. वुहानहून केरळात परतलेल्या रुग्णांच्या नमुन्यांतला विषाणू तिथे वाचला गेला. डिसेंबर २०२० मध्ये देशातल्या दहा प्रयोगशाळांची साखळी उभी राहिली. तिचे नाव इन्साकॉग. पुढे २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीकडे रुग्ण झपाट्याने वाढू लागले. महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दोन ठळक बदल एकत्र सापडत होते. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने हे जाहीर केले. बी.१.६१७ नावाचे हे कुळ होते. त्याचीच एक शाखा पुढे जगभर पसरली.

त्या वेळी परदेशी वर्तमानपत्रे तिला 'भारतीय विषाणू' म्हणू लागली होती. कुठल्याही देशाला डाग लागू नये म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी ग्रीक अक्षरांची नावे दिली आणि तिचे नाव 'डेल्टा' झाले. देशाच्या नावाने रोग ओळखू नये, हे जगाने मान्य केले. मग गावाच्या, वस्तीच्या किंवा मजुराच्या नावाने तरी तो का ओळखावा?

डेल्टाने काय केले, हे पुन्हा रक्ताने सांगितले. देशव्यापी सर्वेक्षणात ऑगस्ट-सप्टेंबर २०२० मध्ये खेड्यांतले प्रमाण शेकडा ४.४ होते, शहरी झोपडपट्टीत १५.६. डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२१ च्या फेरीत खेड्यांत १९.१, झोपडपट्टीत ३१.७. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या फेरीत खेडी ६६.७ आणि शहरे ६९.६. यात लसीमुळे तयार झालेली प्रतिपिंडेही आहेत. पण ज्यांनी एकही डोस घेतला नव्हता, त्यांच्यातही प्रमाण ६२.३ होते. वर्षभरापूर्वी मागे असलेले खेडे शहराच्या बरोबरीला आले होते.

या वंशावळीत एक उणीव राहिली. बाधितांपैकी शेकडा पाच नमुने वाचायचे, असे सुरुवातीला ठरले होते. पण ज्या गावात तपासणीच होत नाही, तिथून नमुना जाणार कसा? नमुना गेला नाही की वंशावळीतली ती फांदी कोरीच राहते.

दार कुणासाठी उघडायचे?

१८९७ च्या प्लेगात पुण्यात गोरे शिपाई घरात घुसून रोगी शोधत. लोक भीतीने रोगी लपवत. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता स्वतः प्लेगने आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी गेल्या. रोगी शोधण्याच्या या दोन रीती आहेत. एकीने माणसे दूर पळतात, दुसरीने दार उघडते. परभणीतल्या ३९६ जणांनी विचारल्यावर हात पुढे केला. त्यांची नावे कुठेही छापली गेली नाहीत, पण त्यांच्या थोड्याशा रक्ताने जिल्ह्याची अवस्था कळली.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू काही संपले नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्याच मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या अचानक मेल्या. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लू निघाला. नमुना वेळेवर गेला म्हणून रोगाचे नाव कळले आणि आजूबाजूची गावे सावध झाली.

उद्या आपल्या वस्तीत अशी तपासणी आली तर घाबरू नये, पण विचारून घ्यावे. रक्त कशासाठी घेता? नाव गुप्त राहील ना? निकाल आम्हाला कळेल का? हे विचारणे आपला हक्क आहे. समाधान झाले तर हात पुढे करावा. घरात ताप-खोकला असेल तर लपवू नये. आशाताईला, सरकारी दवाखान्याला वेळेवर सांगावे. कोंबड्या, जनावरे एकदम मरू लागली तर पशुवैद्यकाला कळवावे. आणि पुण्या-मुंबईहून आपला माणूस घरी परतला, तर वेशीवर काटी आडवी टाकण्याआधी त्याला पाणी द्यावे, तपासणीला न्यावे. तपासणीत जे निघेल ते खरे मानावे, गावगप्पांत जे निघेल ते नव्हे.