युनियनच्या वहीतला पुरावा

क्षयाचे रुग्ण वॉर्डात चक्क नाचत आहेत, अशी छायाचित्रे १९५२ मध्ये न्यू यॉर्कमधल्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू इस्पितळातून जगभर गेली. आयसोनियाझिड या नव्या गोळीची ती किमया होती. ती देणाऱ्या डॉक्टरांपैकी एक होते आयर्विंग सेलिकॉफ. १९५५ च्या लास्कर पारितोषिकात त्यांचाही वाटा होता. तेव्हा ते चाळिशीचे होते आणि एवढी कीर्ती त्यांना जन्मभर पुरली असती.

मात्र न्यू जर्सीतल्या पॅटरसन या कारखान्यांच्या गावात त्यांचा दवाखाना होता. तिथे तपासणीला आलेल्या कामगारांमध्ये सतराजण एकाच कारखान्यातले निघाले. आगबोटींच्या पाइपांवर चढवायचे ॲस्बेस्टॉसचे वेष्टण तिथे तयार होई. पुढच्या काही वर्षांत त्यातले एकेक जण जाऊ लागले. कोणाला फुफ्फुसाचा कर्करोग, कोणाला मेसोथेलिओमा. मेसोथेलिओमा म्हणजे फुफ्फुसावरच्या किंवा पोटाच्या पातळ आवरणाचा कर्करोग. तो इतका विरळा की एखाद्या डॉक्टरला उभ्या कारकिर्दीत एकही रुग्ण दिसू नये.

तरीही सतरा माणसांवरून काही सिद्ध होत नाही. किती जण त्या धुळीत होते आणि त्यातले किती, कशाने मेले, हे कळायला हवे. सेलिकॉफ यांनी कंपनीकडे नोंदी मागितल्या, त्या मिळाल्या नाहीत. ॲस्बेस्टॉसचा आजार उघड व्हायला वीस ते चाळीस वर्षे लागतात. तोवर कामगार नोकरी सोडून गेलेला असतो आणि त्याचा मृत्यू कारखान्याच्या हिशेबात येतच नाही.

मग ते न्यू यॉर्क आणि न्यूअर्कच्या इन्सुलेशन कामगारांच्या युनियनकडे गेले. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच. युनियनने प्रत्येक सभासदाची नोंद ठेवली होती: कामाला कधी लागला, वर्गणी कधीपर्यंत भरली, कधी वारला. १९४२ अखेर पटावर असलेले ६३२ जण त्यांनी धरले आणि पुढच्या वीस वर्षांत त्यांचे काय झाले याचा छडा लावला. विकृतिशास्त्रज्ञ जेकब चर्ग आणि अमेरिकन कॅन्सर सोसायटीचे कायलर हॅमंड सोबत होते. फुफ्फुसाच्या वा त्याच्या आवरणाच्या कर्करोगाने सर्वसाधारण प्रमाणानुसार सहा-सात मृत्यू अपेक्षित होते, झाले ४५. हे १९६४ मध्ये छापून आले. आणि ही माणसे कारखान्यातलीही नव्हती. इमारतीत, गोदीत जाऊन पाइप गुंडाळणारी होती.

१९६८ मध्ये धूम्रपानाचा भाग पुढे आला. विडी-सिगारेट आणि ॲस्बेस्टॉस हे दोन धोके एकमेकांत मिळवायचे नसतात, जवळजवळ गुणायचे असतात: दोन्हींत सापडलेल्याला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका दोन्हींपासून दूर असलेल्याच्या ९२ पट. मेसोथेलिओमाचा मात्र सिगारेटशी संबंध नाही, म्हणून रुग्णाच्या सवयीकडे बोट दाखवून तिथे कोणाला सुटता येत नाही. पुढे सेलिकॉफ यांनी अमेरिका-कॅनडातल्या १७,८०० इन्सुलेशन कामगारांचा मागोवा घेतला. १९९२ मध्ये ते वारले. ॲस्बेस्टॉस उद्योगाचा त्यांच्यावर राग होता, मृत्यूनंतर त्यांच्या वैद्यकीय शिक्षणाविषयीही शंका काढल्या गेल्या. त्यांच्या आकड्यांना मात्र त्याने धक्का लागला नाही.

आपल्याकडे ज्यांना सर्रास ‘सिमेंटचे पत्रे’ म्हणतात, त्यांतल्या कितीकांत पांढरा ॲस्बेस्टॉस असतो. अमेरिकेने २०२४ मध्ये त्यावर बंदी घातली; भारत तो अजून आयात करतो. १९९५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगांना बजावले, की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद किमान चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांतली जी मुदत उशिरा संपेल तोवर जपून ठेवा. आजार किती उशिरा उगवतो हे ओळखून दिलेला हा आदेश आहे. पण तो पत्रा साइटवर कापणारा, त्याला भोके पाडणारा मजूर मुकादमामार्फत येतो, काम संपले की दुसऱ्या गावी जातो. त्याला वर्गणी घेणारी युनियन बहुधा नसतेच. तीस वर्षांनी धाप लागून तो जिल्हा रुग्णालयात आला, तर निदान केसपेपरवर त्याचे जुने काम लिहून घ्यायला हवे, नुसते ‘विडी ओढतो का’ एवढेच नाही.